काम झालं की गप्प बसणारं ॲप

पालघर तालुक्यातल्या माहीममधून कॉलेजला जाणाऱ्या मुलांचा दिवस गाड्यांच्या वेळेवर चालतो. आधी एसटी किंवा रिक्षाने पालघर स्टेशन, पुढे वसई-विरारकडे जायचं असेल तर डहाणूहून येणारी लोकल. २०१३मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि केळवे रोड, पालघर, बोईसरच्या मुलांना दूरची कॉलेजं नि क्लास आवाक्यात आले. तरीही विरारच्या पलीकडे गाड्या मोजक्याच. एक चुकली की बराच वेळ फलाटावर जातो. संध्याकाळी घरी यावं, तर आई किंवा बाबा तारापूर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेले, नाहीतर वाडीच्या कामात अडकलेले. वेळापत्रक आखून देणारं, प्रॅक्टिकलची जर्नल कधी द्यायची याची आठवण करणारं माणूस त्या वेळी समोर असेलच असं नाही. फोन मात्र हातात असतो.

त्यामुळे अभ्यासाला शिस्त लावण्याचं काम मुलं फोनकडेच सोपवतात. यादी ठेवणारी, वेळ मोजणारी, लक्ष विचलित होऊ न देणारी, नोट्स स्कॅन करणारी, उजळणी करून घेणारी असंख्य ॲप्स फुकट मिळतात. अडचण अशी, की ज्या फोनमुळे अभ्यास मोडतो, त्यालाच अभ्यासाचा पहारेकरी नेमलं जातं.

शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या, जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. याच अहवालातली आणखी एक गोष्ट पालकांनी वाचावी अशी आहे. समाजमाध्यमं वापरणाऱ्या या मुलांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं हे ६२ टक्क्यांना, पासवर्ड कसा बदलायचा हे ५७.७ टक्क्यांना आणि प्रोफाइल खासगी कसं करायचं हे ५५.२ टक्क्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे फोन चालवणं बहुतेकांना जमतं. स्वतःला सांभाळून तो चालवणं निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनाच येतं.

आधी काम, मग ॲप

‘अभ्यासासाठी उत्तम दहा ॲप्स’ अशा याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्या पाहून ॲप घेतलं, की आठवडाभर त्याचे रंग आणि रचना ठरवण्यातच वेळ जातो. त्याऐवजी नेमकं काय अडतंय, हे मुलाने किंवा मुलीने आधी एका वाक्यात सांगावं. तारखा विसरतात? बसल्यावर लक्ष लागत नाही? वाचलेलं आठवत नाही? नोट्स हरवतात? प्रत्येक अडचणीचा उपाय वेगळा आहे आणि त्यातले निम्मे उपाय फोनमध्ये आधीपासूनच असतात.

तारखांचंच घ्या. एमएचटी-सीईटीच्या अर्जाची शेवटची तारीख, तोंडी परीक्षा, क्लासची चाचणी यांसाठी फोनमधलं कॅलेंडर पुरेसं आहे. नोंद करताना दोन आठवणी लावायच्या, एक आठवडाभर आधीची आणि एक आदल्या दिवशीची. छोट्या यादीसाठी गुगल कीपसारखी साधी टिपणवही चालते. सगळं एकाच ठिकाणी मावेल, असा मोठा डोलारा उभारून देणारी ॲप्सही आहेत. मोठ्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना ती सोयीची वाटतात, दहावीच्या मुलाला त्यांची क्वचितच गरज पडते.

लक्ष लागत नसेल तर टायमर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून अभ्यास सुरू केला. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. ‘पोमोदोरो’ नावाने गाजलेल्या या पद्धतीवर आज शेकडो ॲप्स निघाली आहेत. ती जे करतात, ते फोनमधलं घड्याळही करतं. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये फोकस मोड असतो. त्यात इन्स्टाग्राम, यूट्यूब अशी निवडक ॲप्स ठरावीक वेळ थांबवता येतात. आयफोनमधला ‘फोकस’ सूचना गप्प करतो आणि ॲप्सना वेळेची मर्यादा ‘स्क्रीन टाइम’मधून घालता येते. नवीन काही उतरवून घ्यावं लागत नाही, कुणाला माहिती द्यावी लागत नाही.

काही मुलांना थोडी गंमत लागते. २०१४मध्ये आलेल्या ‘फॉरेस्ट’ ॲपमध्ये अभ्यास सुरू केला की पडद्यावर एक रोप वाढू लागतं आणि मध्येच दुसऱ्या ॲपमध्ये डोकावलं तर ते मरतं. साठवलेल्या नाण्यांतून एका संस्थेमार्फत खरी झाडं लावण्याची सोयही त्यात आहे. कल्पना चांगली आणि अनेकांना उपयोगीही. ती वापरताना एवढंच पाहायचं, की मुलाचं लक्ष धड्यावर आहे की झाडांच्या संग्रहावर.

उजळणीचं गणित

वाचलेलं आठवत नाही, ही सगळ्यात जुनी तक्रार. विसरण्याचा वेग मोजण्याचा प्रयत्न हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्येच करून ठेवला होता. पुढे २००६मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला एकदा वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहायला सांगितला. आठवडाभराने घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारेच पुढे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा वाचल्यावर ‘सगळं येतंय’ असं का वाटतं, याचं उत्तर त्यात आहे.

स्वतःला प्रश्न विचारणं आणि तेही दिवसांचं अंतर राखून, हे काम ‘अंकी’ करतं. डेमियन एल्म्स यांनी २००६मध्ये ते तयार केलं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं मुलांनीच बनवायची. उत्तर सहज आलं तर ते कार्ड बऱ्याच दिवसांनी दिसतं, अडलं तर लवकर परत येतं. केळवे-माहीमच्या विड्याच्या पानांच्या वाडीत जसा सगळा वेल एकदम ओरबाडत नाहीत, खुडायला आलेली पानंच खुडतात, तशी रोज फक्त वेळ भरलेली कार्डं समोर येतात. अँड्रॉइडवरचं ‘अंकीड्रॉइड’ मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, खातं न उघडता आणि इंटरनेटशिवाय ते चालतं, मराठीत लिहिता येतं. आयफोनवरच्या अधिकृत ॲपला मात्र पैसे पडतात. मिळत्याजुळत्या नावांची वेगळी ॲप्सही स्टोअरमध्ये असल्यामुळे बनवणाऱ्याचं नाव पाहूनच उतरवावं. लोकलच्या पाऊण तासाच्या प्रवासात, रेंज येत-जात असताना, रसायनशास्त्राची सूत्रं किंवा इतिहासाच्या सनावळ्या पक्क्या करायला याहून सोयीचं साधन सापडणं कठीण. फक्त दिसायला साधं आहे; मुलं पहिल्याच दिवशी कंटाळतात. थोरल्या भावंडाने पहिली वीसेक कार्डं सोबत बसून करून दिली, तर गाडी रुळावर येते.

कॅमस्कॅनरचा धडा

एखादं ॲप खरोखर उपयोगी आहे, सगळेच ते वापरतात, म्हणून ते सुरक्षित असेलच असं नाही. कॅमस्कॅनरचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे. कागदाचा फोटो काढून त्याची स्वच्छ पीडीएफ करून देणारं हे ॲप गृहपाठापासून रेशनकार्डापर्यंत सगळ्यासाठी वापरलं जाई. अँड्रॉइडवर ते १० कोटींहून अधिक वेळा उतरवलं गेलं होतं. ऑगस्ट २०१९मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या एका आवृत्तीत घातक भाग सापडला. तो बाहेरून आणखी काहीही फोनमध्ये आणून बसवू शकत होता. गुगलने हे ॲप प्ले स्टोअरमधून काढलं. हा भाग जाहिरातींसाठी जोडलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या सामग्रीतून आल्याचं कॅमस्कॅनरने सांगितलं आणि दुरुस्तीनंतर ॲप परत आलं. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनरही होतं.

फुकट ॲप एकटं येत नाही, हे या प्रकरणातून दिसतं. त्याच्या पोटात जाहिरातदारांचे, मोजणी करणाऱ्यांचे छोटे छोटे भाग असतात आणि वापरणाऱ्याने त्यांची नावंही ऐकलेली नसतात. स्कॅनिंगचं काम आज गुगल ड्राइव्हमध्येच होतं, त्यामुळे वेगळ्या ॲपची गरजच उरलेली नाही. बंदी आलेलं किंवा ‘प्रीमियम फुकट’ म्हणवणारं ॲप मित्राने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल म्हणून पाठवलं, तर ते उघडूच नये. अशाच फाइलींतून फोनचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर झाले आहेत.

धोका दुपटीने वाढतो तो घरातला फोन सामायिक असला की. ‘असर’च्या २०२३च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातल्या फोन वापरू शकणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे बहुतेक मुली आईच्या, बाबांच्या किंवा दादाच्या फोनवर अभ्यास करतात आणि त्याच फोनवर घरचं यूपीआय असतं. त्यावर आलेलं एक वाईट ॲप घरखर्चावर हात मारू शकतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करता येतो. तो मुलीच्या अभ्यासासाठी ठेवावा, पैशांची ॲप्स मूळ खात्यातच राहू द्यावीत. तिच्या नोट्स भावाच्या हातून पुसल्या जात नाहीत, हा आणखी एक फायदा.

सरकारी म्हणून निर्धास्त?

बालभारतीच्या पुस्तकांवरचे चौकोनी क्यूआर कोड आता सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि पुढे तो राज्यभर पोहोचला. डिसले गुरुजींना २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा त्यांच्या कामातला हा भाग जगभर चर्चेत आला. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७मध्ये सुरू झालं. पुस्तकातला कोड त्यातून स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव समोर येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत मिळतात. मराठी माध्यमाच्या मुलासाठी अभ्यासक्रमाशी इतकं जुळणारं साहित्य दुसरीकडे मिळणं अवघड.

तरीही दीक्षावर प्रश्न उभे राहिले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२मध्ये ४९ देशांतली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधनं तपासून अहवाल दिला. दहातली जवळपास नऊ साधनं मुलांच्या खासगीपणाला धोका पोहोचवणारी वाटली आणि दीक्षामध्ये वापरणाऱ्याचं अचूक ठिकाण टिपण्याची सोय असल्याचं त्यात नोंदवलं होतं. जानेवारी २०२३मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने आणखी एक बातमी दिली. दीक्षाचा एक सर्व्हर वर्षाहून अधिक काळ उघडा राहिल्यामुळे दहा लाखांवर शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कुणालाही पाहता येत होती. खासगी कंपन्यांकडेही हे घडलं आहे. २०२०मध्ये अनअकॅडमीच्या विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली. सायबल या कंपनीने तो आकडा २ कोटी २० लाख सांगितला, अनअकॅडमीने सुमारे १ कोटी १० लाख.

एवढ्यावरून दीक्षा सोडून द्यावं असं मुळीच नाही. लॉगिन न करताही त्यातले धडे पाहता येतात, मग पाहुणा म्हणूनच जावं. ठिकाणाची परवानगी मागितली तर नाकारावी. पाठ दाखवायला मुलगा माहीमला आहे की मनोरला, हे कुठल्याच ॲपला कळण्याची गरज नसते.

पाच मिनिटांची तपासणी

ॲप उतरवण्याआधी प्ले स्टोअरवरचं पान खालपर्यंत वाचायला पाच मिनिटं पुरतात. नावाखालीच ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमध्ये खरेदी’ असं लिहिलेलं असतं. बनवणारी कंपनी कोण, शेवटचं अपडेट कधीचं, वयाची श्रेणी ३+, १२+ की १६+, हेही तिथेच कळतं. परीक्षणं वाचताना पाच ताऱ्यांची सोडून एक आणि दोन ताऱ्यांची वाचावीत. ‘पैसे कापले गेले’, ‘बंदच होत नाही’ अशा तक्रारी तिथेच असतात.

२०२२पासून प्ले स्टोअरवर ‘डेटा सुरक्षा’ नावाचा भाग आहे, ॲपलने त्याआधी २०२०च्या अखेरीस तशी पाटी लावायला सुरुवात केली. कोणती माहिती घेतली जाते, कुणाला दिली जाते, हे त्यात असतं. पण ही माहिती ॲप बनवणाराच भरतो. मोझिला फाउंडेशनने २०२३मध्ये ४० लोकप्रिय ॲप्स तपासली, तेव्हा जवळपास ८० टक्के ॲप्सच्या बाबतीत ही पाटी आणि त्यांचं गोपनीयता धोरण यांत तफावत आढळली. म्हणून पाटी वाचावी, पण तिच्यावर विसंबू नये.

खरी कसोटी परवानग्यांची. स्कॅनरने कॅमेरा मागितला तर रास्त आहे. टायमरने संपर्कयादी, मायक्रोफोन किंवा ठिकाण मागितलं तर ‘नाही’ म्हणायचं आणि त्यावाचून ते चालत नसेल तर काढून टाकायचं. ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी तर फार जपून द्यायची, कारण ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणंही दाबू शकतं. लक्ष विचलित होऊ न देणाऱ्या काही ॲप्सना इतर ॲप्स अडवण्यासाठी ती लागते. अशा वेळी फोनमधलाच फोकस मोड बरा.

पैशांचा सापळा ‘सात दिवस मोफत’ या शब्दांत असतो. चाचणी सुरू करतानाच कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागितलं जातं आणि आठव्या दिवशी वर्षाची रक्कम कापली जाते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू ठेवली, तर निदान घरच्यांना न विचारता काही होत नाही.

आणखी एक प्रकार आहे सोबतीने अभ्यास करण्याच्या ॲप्सचा. नीट, जेईईची तयारी करणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या कोरियन ‘वायपीटी’मध्ये गट करता येतात, कोण किती तास बसलं हे एकमेकांना दिसतं. वर्गातल्या चार मैत्रिणींचा गट असेल तर चुरस चांगलीच. पण गट अनोळखी लोकांचाही असू शकतो, म्हणून तिथे खरं नाव, शाळा, फोटो देऊ नये. रोजचे तास फुगवून दाखवण्याची शर्यत लागली, की झोपेचे तास कमी होऊ लागतात; तेवढ्यावर घरच्यांनी लक्ष ठेवावं.

एआय मदतनिसांचंही तसंच. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८पर्यंत पालकांची परवानगी हवी. ‘या धड्यावर मला दहा प्रश्न विचार’ असं सांगून स्वतःची परीक्षा घेणं हा त्याचा चांगला उपयोग. आधार क्रमांक, गुणपत्रिका, घरातली भांडणं त्यात टाकू नयेत.

पहारा की करार?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून एक वेगळीच वाट धरली. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा प्रयोग टिकायला महत्त्वाचं कारण म्हणजे मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचं ठरवलं. बोईसर-तारापूरच्या पाळ्यांच्या घरात सातचा भोंगा जमणार नाही. पण ‘आपल्या घरात फोन कधी बाजूला’ ही वेळ प्रत्येक घर पाळीनुसार ठरवू शकतं, आणि ती मुलासोबत बसून ठरवली तर पाळलीही जाते.

गुगलच्या फॅमिली लिंकमधून पालकांना ॲप उतरवण्याची परवानगी स्वतःकडे ठेवता येते, वेळेची मर्यादा घालता येते. आठवी-नववीपर्यंत त्याचा उपयोग आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये चोरून हेरगिरीचं ॲप घालणं मात्र दोन्हीकडून नुकसानीचं. असं ॲप स्वतःच मुलाची सगळी माहिती तिसऱ्याच्या हाती देतं आणि कळल्यावर मूल बोलायचं बंद होतं. पुढे कुणी फसवलं, धमकावलं तर ते घरी सांगायला हवं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार व्हायला हवी. बोलणं सुरू असलेल्या घरातच हे घडतं.

कायदाही हळूहळू येतो आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं. त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत आणि हे मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि मुख्य बंधनांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलत आहे.

तोवर सफाई घरच्या घरीच करावी लागेल. सहामाही संपली की दिवाळीच्या सुटीत आणि वार्षिक परीक्षेनंतर फोनमधली अभ्यासाची ॲप्स एकदा चाळावीत. दोन महिन्यांत न उघडलेलं काढावं. मात्र नुसतं ॲप काढल्याने कंपनीकडची माहिती पुसली जात नाही. आधी त्यातलं खातं बंद करावं लागतं. ज्यात खातं उघडता येतं, अशा प्रत्येक ॲपने ते कायमचं पुसण्याची सोय ॲपमध्ये आणि वेबसाइटवरही द्यावी, असा प्ले स्टोअरचा नियम आता आहे. क्रम असा ठेवावा: आधी नोट्स आणि कार्डं ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, मग ऑटोपे रद्द करायचं, मग खातं पुसायचं आणि शेवटी ॲप. दहावीचा क्लास संपला, की त्या क्लासच्या ॲपपासून सुरुवात करायला हरकत नाही.